सेडरचा तयार संच: यहुदी नसलेल्या यजमानांच्या नजरेतून

आमचे कुटुंब यहुदी नाही. एका यहुदी मित्रकुटुंबाच्या संमतीने आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली वल्हांडण सणाचे सेडर, म्हणजे मिसर (इजिप्त) देशातील गुलामीतून यहुद्यांच्या मुक्तीचे स्मरण करणारे विधिवत भोजन, आमच्या घरी करायचे ठरले, तेव्हा ताट, चषक, मात्झा (बेखमीर भाकरी) आणि हग्गादाच्या (सेडरमध्ये वाचायच्या विधिपुस्तकाच्या) प्रती असलेला एक तयार संच आम्ही मागवला.

या संचात खरे मोल आहे ते हग्गादाचे. सेडरचे १५ टप्पे क्रमवार दिलेले असून कोणी काय उचलायचे, कोणी काय वाचायचे हे प्रत्येक ठिकाणी इतके स्पष्ट लिहिले आहे की प्रथमच हा विधी पाहणाराही गोंधळत नाही. मुक्तीच्या कथेतील दहा पीडांची नावे घेताना प्रत्येकीगणिक चषकातून एकेक थेंब का काढतात, याची टीप मला विशेष भावली: ज्यांच्यावर त्या पीडा कोसळल्या त्या मिसरी लोकांच्या यातना आठवून आपला आनंद तेवढा उणा करायचा. सेडरची येशूच्या अखेरच्या भोजनाशी सांगड घालणाऱ्या हग्गादाही मिळतात. परक्या यजमानाने त्या टाळाव्यात असे माझे ठाम मत आहे, कारण आजचे सेडर मुख्यतः इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर आकाराला आले आणि ते यहुदी लोकांनी आपल्या मुक्तीच्या स्मरणार्थ जपले आहे.

मात्झाच्या बाबतीत मात्र संच उणा पडतो. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून होणे आणि पिठावर आधीपासून देखरेख असणे हे वल्हांडणाच्या मात्झासाठी आवश्यक असते. खोक्यावर वल्हांडणासाठी कोशेर (यहुदी आहारनियमांनुसार ग्राह्य) असल्याची खूणच नव्हती. यहुदी पाहुणे येणार असतील तर ती खूण पाहून मात्झा वेगळा घ्यावा. स्वयंपाक आणि भांडी यांबद्दलही त्यांना आधीच विचारावे, कारण आपल्या स्वयंपाकघरात शिजलेले अन्न त्यांना चालेलच असे नाही.

चिनी मातीचे ताट देखणे आहे, चषक साधारण. अफिकोमनची कापडी पिशवी तेवढी लहान आहे. तीन मात्झांपैकी मधला मोडून त्याचा मोठा तुकडा, म्हणजेच अफिकोमन, मुलांनी शोधण्यासाठी लपवतात, तो तिच्यात मावत नाही, म्हणून स्वच्छ रुमाल हाताशी ठेवावा.