‘ॲल्युमिनियमचा’ कॅरियर आणि चोपन्न किलो लोखंड

जिम्नी, थार किंवा जुनी जिप्सी घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं म्हणून कुणी छतावर कॅरियर आणि मागं ड्रॉवर बसवून घेणार असेल, तर ॲडव्हान्स पाठवायच्या आधी हे वाचा. माझे संभाजीनगरात ७७ हजार गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शिवाय नाव लिहून उपयोगही नाही, पाटी बदलायला कितीसा वेळ लागतो? पद्धत ओळखता आली पाहिजे.

गाडी पाच दारांची जिम्नी. चिखल, चढ, नदीपात्र याला वाघ आहे, पण सामानाला जागा म्हणाल तर नाहीच. मागचं सीट उभं असताना डिकी २०८ लिटर, पाडलं तर ३३२. दोन बॅगा आणि पाण्याचा जार ठेवला की दार लावायला गुडघा लावावा लागतो. आम्ही परभणीचे. माहूर, सहस्रकुंड, कन्नडकडं अंतूरचा किल्ला, एवढ्याला तेवढी जागा चालून जाते. पण दिवाळीनंतर मी आणि माझा मेव्हणा बायकापोरांना न घेता कच्छच्या रणात जाणार होतो. तंबू, शेगडी, अंथरूण, हवेचा पंप, टूलकिट, पाणी. हे सगळं आत कोंबलं तर आरशात मागचं काही दिसत नाही, आणि ब्रेक दाबला की शेगडी मानेवर.

रील बघून त्या माणसाचा पत्ता लागला. काळीकुळकुळीत जिम्नी, छतावर सपाट कॅरियर, मागं ओढलं की सरकन बाहेर येणारा ड्रॉवर. फोनवर बोलणं एकदम गोड. “दादा, मी आधी वाळूजला कंपनीत होतो, डाय शॉपला, साचे बनवतात तिथं. आपलं काम म्हणजे कंपनी फिनिश.” वाळूजच्या कंपनीत होता म्हटलं की आपल्या भागात माणूस निम्मं मान्य करूनच बोलायला लागतो, आणि हे त्यालाही पक्कं माहीत होतं. त्या रीलमधली जिम्नी मात्र तीन दारांची होती. भारतात विकली जाते ती पाच दारांची, तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५९० मिलिमीटर. तीन दारांचीचा २२५०. म्हणजे व्हिडिओ बाहेरच्या देशातला, कुणाच्या तरी गाडीचा, कुणाच्या तरी कामाचा. काचेतून स्टिअरिंग डावीकडं दिसत होतं ते वेगळंच.

कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. ॲल्युमिनियमचा कॅरियर, आर्गन वेल्डिंग, पावडर कोटिंग, ‘वजन ओन्ली २२ केजी’, ३८ हजार. मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा) दोन खणांचा ड्रॉवर, हेवी ड्युटी चॅनल, ‘बॉडीला एकही होल नाही’, ३० हजार. ॲडव्हान्स ४० हजार. पक्कं बिल पाहिजे असेल तर वरून १८ टक्के. पैसे ज्या नंबरवर पाठवायचे तो दुकानाचा नव्हता, तिसऱ्याच माणसाच्या नावाचा होता. “तो आपलाच पार्टनर आहे, दादा.”

आता हे २२ किलो का महत्त्वाचे, ते सांगतो, कारण सगळी फसवणूक त्याच आकड्यात लपली होती. जिम्नीचं रिकामं वजन १२०० किलोच्या आसपास आणि माणसं-सामान धरून जास्तीत जास्त १५४५ चालतं. मध्ये उरतात साधारण ३४० किलो. मी आणि मेव्हणा मिळून १६० (त्यातला मोठा वाटा मेव्हण्याचा), पाणी ४०, बाकी सामान ८०-९०. म्हणजे कॅरियर आणि ड्रॉवर दोन्ही मिळून ५० किलोच्या आत बसले तरच गणित जुळतं. त्यात छताची मर्यादा वेगळी. ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि तिच्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही मोजायचं असतं. उंच, अरुंद गाडीच्या डोक्यावर जड लोखंड ठेवलं की वळणावर ती झुकते आणि कच्च्या रस्त्यात एक चाक खड्ड्यात गेलं की सावरायला वेळ देत नाही. छोट्या गाडीत जागा वाढवणं अवघड नाही, वजन न वाढवता वाढवणं अवघड आहे, आणि पैसे त्याचेच मोजायचे असतात. ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.८५. तोच कॅरियर, त्याच जाडीचा, लोखंडात केला की तिप्पट जड होतो आणि करणाऱ्याला कितीतरी स्वस्त पडतो. रंग दिल्यावर दोन्ही काळेच दिसतात.

गाडी दिली. मग सुरू झालं ते आपल्याकडं सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. आधी पोळा, मग लक्ष्म्या, मग पित्राचा पंधरवडा. कोटिंगवाल्याकडं लाईट नाही. वेल्डर गावाकडं गेला. सण संपले तेव्हा फोन आला की क्लॅम्प इम्पोर्टेड लागतात आणि फिटिंगचे पैसे कोटेशनमध्ये नव्हते, ९ हजार वाढतील. तेव्हा माझ्या गाडीचं मागचं सीट काढून त्याच्या दुकानात भिंतीला टेकवलेलं होतं. सीट नसलेली गाडी घेऊन कुठं जाणार? हा डाव ठरवून टाकलेला असतो. आधी गाडी अर्धी उघडायची, नंतर भाव वाढवायचा. गाडी ताब्यात देतानाही तसंच, “संध्याकाळी या” म्हणाला आणि दिवेलागण होऊन गेल्यावर चावी हातात दिली. मोबाइलच्या उजेडात काळा रंग काळाच दिसतो. उरलेले पैसे दिल्याशिवाय गेटबाहेर गाडी निघणार नव्हती.

जालना ओलांडून मंठ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा छतावर शिट्टी वाजत होती, तिचं एवढं काही नाही, कॅरियरला वारा लागतोच. पण खड्डा चुकवताना गाडी एक हेलकावा जास्तीचा घ्यायला लागली. ते काही बरं वाटेना.

सकाळी बायकोनं विचारलं, हे खरंच ॲल्युमिनियम आहे का? आमच्या फ्रिजवर तुळजापूरहून आणलेलं भवानीमातेचं चुंबक आहे. ते तिनंच आणलं. कॅरियरच्या पाइपाला लावलं तर देवी टच्चकन बसली. दुसऱ्या पाइपाला लावलं, तिथंही. चारी कोपरे, मधल्या पट्ट्या, पाय, सगळीकडं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, याला शाळेतलं विज्ञान पुरे. मग पेंटवाल्याकडून थिनर आणून चिंधीनं पाइप पुसला. पावडर कोटिंग भट्टीत १८०-२०० अंशाला भाजलेलं असतं, थिनरनं असं निघत नाही. माझी चिंधी मात्र काळी झाली आणि खालून लाल प्राइमरसुद्धा नाही, गंजाचे ठिपके असलेलं उघडं लोखंड निघालं. वेल्डिंगच्या जागी लांबी (पुट्टी) भरून घासलेली होती.

मेव्हण्यानं आणि मी कॅरियर उतरवला आणि मोंढ्यात ओळखीच्या आडतीवर नेला. सोयाबीनचे कट्टे मोजायच्या काट्यावर ठेवला. हमाल म्हणाला, “मालक, हे ट्रॅक्टरला लावायचंय का?” काट्यावर आकडा आला ५४. आडत्याकडून तारीख-वेळेसकट छापील पावती घेतली. आजपर्यंत या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी कागद तोच ठरलाय.

ड्रॉवरची गोष्ट त्याहून वाईट. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या सरकारी मानकाचा शिक्का होता, आयएसआयचं चिन्ह होतं, खाली सीएम/एल नंबरही (परवान्याचा नंबर) होता. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला तर परवाना निघाला भलत्याच मालाचा. शिक्का रबरी असतो, कुणीही मारतो. तरी म्हटलं खात्री करू. आतल्या बाजूचा एक तुकडा कापला आणि पातेल्यात उकळत ठेवला. आयएस ७१० च्या मरीन प्लायनं ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायचं असतं. आमच्या तुकड्याचे पापुद्रे दुपारच्या जेवणाआधी सुटले, मधला थर भुसभुशीत होऊन पाण्यावर तरंगायला लागला आणि स्वयंपाकघरात डिंकाचा असा वास सुटला की पातेलं बायकोनं कायमचं बाहेर काढलं. तेही धरा हिशोबात.

आणि ‘एकही होल नाही’ म्हणाला होता तो ड्रॉवर चार सेल्फ ड्रिलिंग स्क्रूंनी फ्लोअरला ठोकलेला होता. गाडीखाली झोपून टॉर्च मारला. एका स्क्रूचं टोक खाली बोटभर बाहेर आलेलं आणि त्याच्या शेजारूनच ब्रेकचा पाइप गेलेला. भोकाला ना सीलंट, ना रंग. पुढच्या पावसाळ्यात तिथून चिखल आत आणि गंज सुरू. हे स्क्रू बघून मात्र माझं डोकं फिरलं. पैशाचं एक वेळ समजू शकतो, पण रणात ब्रेक गेला असता तर?

फोन केला. आधी म्हणाला, “दादा, ॲलॉय असतं ते, थोडंफार चुंबक धरणारच.” खोटं आहे. कॅरियरला वापरतात ती ॲल्युमिनियमची कुठलीही मिश्रधातू चुंबक धरत नाही. मग म्हणाला, लोखंड जास्त मजबूत म्हणून तुमच्या भल्यासाठीच वापरलं. मग म्हणाला, गाडी परत आणा, करून देतो. आणि मग फोन उचलणंच बंद. बिलाच्या नावाखाली जो कागद दिला होता त्यावर जीएसटी नंबर होता आणि १८ टक्केवाल्या प्रस्तावाची पुढची गंमत तिथं कळली: जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू होतो आणि पोर्टलवर कुणालाही फुकट तपासता येतो. दुकानदार ‘कंपोझिशनमध्ये’, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत आहे म्हणत असेल तर त्याला गिऱ्हाईकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. वरून १८ टक्के मागणारा आणि कंपोझिशनमध्ये असलेला असा एकच माणूस भेटला तर तिथूनच परत फिरा.

गाडीच्या कागदांचीही एक बाजू आहे, ती हे लोक कधीच सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ नोंदींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा दंड मालकाला. नटबोल्टांवर निघणारी वस्तू आणि बॉडीला कायमची जोडलेली वस्तू यात म्हणून फरक करा, आणि काहीही बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा.

आता मी काय केलं असतं यापेक्षा, मेव्हण्यानं नंतर स्वतःच्या थारसाठी काय केलं ते सांगतो. त्यानं जालन्यात एक फॅब्रिकेटर गाठला. जालन्यात लोखंडाला तोटा नाही आणि लोखंड किलोवर विकत घेणाऱ्या गावात वजनावरून कुणी लाजत नाही. मेव्हण्यानं सांगितलं, लोखंडच वापरा, पण एक इंची चौकोनी पाइप १८ गेजचा (गेजचा आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ), आणि ठरलेलं वजन कागदावर लिहा. १६ गेजचा २० फुटी पाइप सात किलोच्या वर जातो, १८ गेजचा साडेपाचच्या आत राहतो. फ्रेम मोठी नसेल तर १८ पुरतो. पाइप त्याच्यासमोर काट्यावर चढला, रंग देण्याआधी कच्च्या वेल्डिंगचे फोटो मागवले, कोटिंगच्या आधी आणि नंतर पुन्हा वजन. ॲडव्हान्स फक्त मालाचा, तोही दुकानाच्या खात्यावर. गाडी दुकानात ठेवली नाही, माप घेऊन परत आणली आणि फिटिंगला सकाळी नेली, उन्हात. फॅब्रिकेटर आधी वैतागला, पण काम चांगलं करणारा होता. वजन लिहून द्यायला त्यानं खळखळ केली नाही.

माझ्या गाडीत आता ड्रॉवर नाही. मागच्या सीटचा एक भाग पाडतो, तिथं पत्र्याच्या दोन पेट्या रॅचेट पट्ट्यांनी सीटच्या मूळ बोल्टांना बांधतो. जड सामान खाली आणि सीटच्या पाठीला लागून, हलकं वर. तंबू छतावर नाही, पेटीवर. फ्लोअरची भोकं बुजवून घेतली.

पैशाचं म्हणाल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी दुकानाला विचारणा केली, उत्तर आलं नाही. मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा आयोग. रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. व्हॉट्सॲपवरचं ‘वजन ओन्ली २२ केजी’, यूपीआयच्या नोंदी, मोंढ्याची पावती, फ्लोअरचे फोटो आणि उकळलेल्या प्लायचा वाळलेला तुकडा एवढं जोडलंय. नोटीस गेल्यावर त्यानं एकदा माणूस पाठवला होता, १० हजार रोख घ्या आणि ‘समाधान झालं’ असं लिहून द्या म्हणून. दिलं नाही. अशी चिठ्ठी एकदा लिहून दिली की आयोगापुढं आपलीच बाजू लंगडी पडते.

लातूरच्या एकाची आणि नांदेडच्या एकाची हीच तक्रार असल्याचं वकिलांकडून कळलंय. एकाच्या गाडीवर ‘२५ किलो’चा कॅरियर आहे, अजून मोजलेला नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीनं मिळून तक्रार करता येते. आम्ही तिघं त्याच तयारीत आहोत. ज्यांचं काम याच पद्धतीनं झालंय त्यांनी आधी कॅरियर खाली उतरवून काट्यावर न्यावा आणि पावती जपून ठेवावी, रंग खरवडू नये. तो पुरावा आहे.