'नसा साफ' करणारी पावडर आणि बंद पडलेली गोळी

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये सध्या रविवारी 'मोफत हृदय तपासणी शिबिरं' भरतात. सगळीच खोटी नसतात. पण आमच्या हॉलमध्ये जे झालं ते सविस्तर लिहितेय, कारण तीच माणसं आता दुसऱ्या नावाने कळव्यात आणि ऐरोलीत फिरताहेत असं ऐकलंय.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय 71. 2019 मध्ये अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आहे. तेव्हापासून रोज रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गटातली) गोळी, सोबत बाकीची औषधं, आणि सकाळी उपवन तलावाकाठी चालणं. खाण्यातही त्यांनी मनापासून बदल केला. चहाबरोबरची खारी गेली, तळण सणापुरतं उरलं, जेवणात उसळी आणि पालेभाज्या वाढल्या. शिबिराआधीच्या शेवटच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 62 होतं. डॉक्टर खूश होते.

शिबिरात पांढरा कोट घातलेला एक मुलगा आणि एक मुलगी. लॅपटॉपला वायरने जोडलेली एक धातूची दांडी हातात धरायची, मिनिटभर थांबायचं, की कित्येक पानांचा रिपोर्ट. 'रक्ताची घनता', 'कोलेस्टेरॉल क्रिस्टल', 'नसांची लवचिकता' आणि समोर लाल रंगातले आकडे. रक्ताचा एक थेंबही काढला नव्हता. कोलेस्टेरॉल रक्तात असतं, ते मोजायला रक्तच लागतं, मग ते शिरेतून काढा नाहीतर बोटाला टोचून. दांडी धरून ते कळत नाही. आमच्याच विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलीने संध्याकाळी ती दांडी दोनदा धरली, दुसऱ्यांदा वय 65 सांगून. मशीनने तिला लगेच गुडघ्यांची झीज आणि नसांचे ब्लॉकेज दाखवले. हे तिने आम्हाला सांगितलं तोवर पैसे देऊन झाले होते.

अण्णा अडाणी नाहीत. वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलेला, हिशेबाला चोख माणूस. त्यांना ज्या वाक्याने पकडलं ते वाक्य नीट ऐकून ठेवा. पांढऱ्या कोटातली ती मुलगी म्हणाली, "काका, तुमचा लॅबचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग गोळी कशाला खाताय? लिव्हर जाईल हो या केमिकलने. आमचा तीन महिन्यांचा कोर्स करा, नसा आतून साफ होतील, गोळी कायमची सुटेल."

सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. गोळी घेतली तरी काही जाणवत नाही, सोडली तरी नाही. त्यामुळे नॉर्मल आकडा म्हणजे आजार गेला, असं कुणालाही वाटतं. पण तो आकडा नॉर्मल असतो तो गोळी चालू आहे म्हणून. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. स्टॅटिन ते बनणं कमी करतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा होता तिथे परत जातो. पथ्य आणि चालणं हवंच, पण स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल 70 च्या, हल्ली बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात तसं 55 च्या खाली ठेवायला नुसतं पथ्य सहसा पुरत नाही. आणि 'केमिकल' म्हणून ज्याची भीती घातली, त्या गटातलं पहिलं औषध मुळात बुरशीत सापडलं. जपानचे अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात ते शोधलं, आणि 1987 मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला मंजुरी मिळाली. इतक्या वर्षांत कोट्यवधी लोकांनी स्टॅटिन घेतलंय. कुणाला स्नायू दुखण्याचा त्रास होतो, क्वचित लिव्हरचे आकडे वाढतात. तेव्हा डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. हे डॉक्टरने रिपोर्ट बघून ठरवायचं, हॉलमधल्या विक्रेत्याने नाही.

पावडरचा तो कोर्स 24,000 रुपयांचा. पैसे यूपीआयने एका माणसाच्या खासगी खात्यावर. पावतीवर औषधाचं नाव नाही, 'वेलनेस मेंबरशिप, पैसे परत मिळणार नाहीत' एवढंच. डब्यावर पुढे मोठं हृदय आणि 'हर्बल'. मागे अगदी बारीक इंग्रजीत एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर आणि खाली 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. म्हणजे त्यांच्याच लेबलप्रमाणे ते औषध नव्हतं, खाद्यपदार्थ होता. आयुर्वेदिक औषध असतं तर त्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असता.

अण्णांनी घरात कुणाला न सांगता स्टॅटिन बंद केलं. नशीब, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवली. नेहमीच्या तपासणीत एलडीएल 168 आलं. अण्णांनी त्या मुलीला फोन केला, तर उत्तर तयार होतं: "उत्तम! नसांना चिकटलेली चरबी सुटून रक्तात आलीय, म्हणून आकडा वाढलाय. आता मध्येच सोडू नका." हे ऐकून माझा संताप झाला. आकडा कमी झाला तर पावडरचं यश, वाढला तरी पावडरचंच यश. या उत्तराने माणूस आणखी तीन महिने गोळीशिवाय राहतो, आणि स्टेंटवाल्याला तेवढा काळ फार महाग पडू शकतो.

डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. पावडरमध्ये नक्की काय आहे माहीत नसल्यामुळे लिव्हर आणि किडनीच्याही तपासण्या करून घेतल्या. सुदैवाने त्या ठीक आल्या. अण्णांना ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अण्णा, गोळी सोडावीशी वाटली तर आधी मला फोन करा, मी भांडणार नाही."

पैसे परत मिळालेले नाहीत. नंबर बंद, पावतीवरच्या पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पण आम्ही गप्प बसलेलो नाही. हृदयरोग, रक्तदाब, मधुमेह बरे करण्याच्या जाहिराती 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्याखाली गुन्हा आहेत, त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, तोही अर्ज तयार करतोय. सोसायटीच्या कमिटीनेही ठराव केला: शिबिरवाल्यांनी आधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक द्यायचा, आणि हॉलमध्ये काहीही विकायचं नाही.

तुमच्या घरात असा डबा आला असेल तर रागाने फेकू नका. लेबलच्या सगळ्या बाजूंचे, पावतीचे आणि यूपीआयच्या नोंदीचे फोटो काढून ठेवा, आणि शिबिरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी तिथले मेसेज साठवून घ्या. आमच्या तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होतोय.