मुशी मोजायला ३० मीटरची फायबर टेप: घ्यावी का?

ठाण्यात जांभळी नाक्याकडच्या हार्डवेअर दुकानांत मिळणारी, उघड्या चरकीवर गुंडाळलेली पिवळी-पांढरी फायबर टेप. किंमत चारशेच्या आत. नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या किंवा वाशीच्या मासळी बाजारात मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, नोंदी घ्यायला बरेच विद्यार्थी हीच घेतात. टेप चांगली आहे, पण आहे तशी वापरली तर आकडे चुकतात.

मुख्य दोष शून्याचा. काही टेपांचं शून्य टोकाच्या कडीच्या बाहेरच्या कडेपासून धरतात, काहींचं कडीनंतर चार-पाच सेंटीमीटर आत छापलेलं असतं. दुकानातच स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. फावड्यासारख्या चपट्या नाकाची छोटी मुशी, म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, जन्मते १२ ते १५ सेंमीची आणि मादी साधारण ३३ ते ३५ सेंमीला वयात येते. इथे चार सेंमी चुकले की कोवळी मादी वयात आलेली म्हणून, किंवा वयात आलेली कोवळी म्हणून नोंदली जाते. बाजारात येणाऱ्या मालात पिल्लं किती, हेच तर शोधायचं असतं. त्यामुळे ही चूक किरकोळ नाही.

दुसरं, टेप अंगावरून टाकू नका. पोटाच्या फुगीरपणामुळे लांबी वाढते, आणि मुशीची कातडी कानशीसारखी खरखरीत असल्याने छपाईही घासली जाते. मासा सरळ ठेवा, टेप शेजारी जमिनीवर. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या वरच्या पातीच्या टोकापर्यंत मोजा, ती पाती अंगाच्या रेषेत ओढून. पाती तुटलेली असेल तर शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. हातोडी मुशीचं माप डोक्याच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून. मोठा मासा असला की आणखी एक घोटाळा होतो: बऱ्याच टेपांवर प्रत्येक मीटरनंतर आकडे पुन्हा १० पासून सुरू होतात, त्यामुळे १ मीटर ४० चे नुसते ४० लिहिले जातात. मीटरचा लाल आकडा आधी वाचा. फूट-इंचाची बाजू वर येऊ देऊ नका.

आमच्या मते या टेपचा सर्वांत उत्तम उपयोग ती कापून होतो. १० सेंमीच्या खुणेवर कापा, तिथून ८० सेंमीचा तुकडा घ्या आणि मरीन प्लायच्या फळीवर बसवा. डाव्या टोकाला नाक टेकवायला उभी पट्टी लावा, तिची आतली कड बरोबर १० च्या खुणेवर. वाचलेल्या आकड्यातून १० वजा करायचे, आणि हे फळीवरच रंगाने लिहून ठेवायचं. स्टेनलेस स्क्रू वापरा. लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात गंजतात, साधा पांढरा गोंद सुटतो. ही छोटी मुशी सहसा पाऊण मीटरच्या आतच असल्याने फळी पुरते, आणि एका हाताने मोजून दुसऱ्याने लिहिता येतं. लिहायला पेन्सिल, शाई ओघळते.

त्याच दुकानांतला ५० किलोचा डिजिटल लटकता काटा मात्र घेऊ नका. दीडशे ग्रॅमच्या मुशीला तो निरुपयोगी, शिवाय बॅटरीच्या कप्प्यात मीठ शिरतं.

लांबीबरोबर दोन गोष्टी बघितल्याच पाहिजेत. नराच्या पोटाखालचे दोन दांडे कडक असतील तर तो वयात आलेला, मऊ असतील तर कोवळा. गळ्याखाली, छातीच्या परांच्या मध्ये नाळेची न भरलेली खूण दिसली तर पिल्लू नुकतंच जन्मलेलं. अशी पिल्लं एकाच भागातून सतत येत असतील तर तिथे मुशीची पाळणाघरं, म्हणजे पिल्लं जन्मून वाढण्याच्या जागा, असण्याची शक्यता मोठी, आणि ती जपायलाच हवीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये या मुशीचं अख्खं कुळ साइटीजच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घालायचं ठरलं, त्यामुळे तिच्या निर्यातीवर आता नियंत्रण आहे. स्थानिक बाजारात मात्र ती रोज विकली जाते.

लिलाव चालू असताना फळी पुढे करू नका. आधी विचारा, “मावशी, दोन मिनिटं मोजू का?” बर्फावरून काढलेली मुशी मोजून झाली की लगेच परत बर्फावर ठेवा.