मोरोनचं विमान म्युझियम : पुल्की २ साठी तरी जाच
ब्युनोस आयर्सला गेलात तर मोरोनचं विमान म्युझियम अजिबात चुकवू नका, तिथे पुल्की २ हे अर्जेंटिनाचं जुनं जेट लढाऊ विमान आहे, पाच प्रोटोटाइपपैकी वाचलेलं एकमेव. लांबून थेट सोव्हिएत मिग-१५ फायटर वाटतं, नाकात तसाच हवा आत घेणारा गोल इनटेक, पंख तसेच मागे झुकलेले, पण जवळ जाऊन शेपूट बघा, आडवी फळी उभ्या फिनच्या अगदी टोकावर बसवलीय, मिगची त्याहून खाली असते, आणि पंखही बॉडीला वरच्या बाजूला जोडलेत. एवढं बघितलं की गोंधळच नाही. डिझायनर कुर्ट टांक, त्यानेच पुढे बंगळुरूला एचएएलमध्ये आपलं मारुत हे लढाऊ विमान घडवलं, त्यामुळे भारतीय माणसाला हे बघताना खूप भारी वाटतं! तिथलंच ग्लॉस्टर मीटिअर हे ब्रिटिश जेट ओळखायला तर सोप्पं, दोन्ही पंखांत एकेक जाडजूड इंजिन. पाच स्टार.