वर्डप्रेसचे फिल्टर हुक, आठ महिन्यांनंतर: सगळा घोळ एका 'रिटर्न'चा

फिल्टर हुक म्हणजे वर्डप्रेस (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) एखादी किंमत वापरण्याआधी ती आपल्या फंक्शनच्या हाती देतं, ती जागा; फंक्शनने ती बदलून परत द्यायची. फुटकळ बदलांसाठी प्लगइन (वरून बसवायचे जोड-प्रोग्राम) विकत घेणं थांबलं, एवढ्यासाठी तरी फिल्टरला पैकीच्या पैकी गुण. उताऱ्याची लांबी ५५ शब्दांवरून २० वर आणायला 'एक्सर्प्ट_लेंग्थ' या फिल्टरला जोडलेलं तीन ओळींचं फंक्शन पुरतं. ते चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये) ठेवलं तर मूळ थीमच्या अपडेटमध्ये वाहूनही जात नाही.

राग आहे तो एकाच गोष्टीचा. फिल्टरने हातात आलेली किंमत परत द्यायलाच हवी, पण नाही दिली तर कोणी अडवत नाही. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) मुकाट्याने नल, म्हणजे 'काहीच नाही', परत करतं आणि लेखाचा मजकूर गायब होतो. शीर्षक जागेवर, साइडबार जागेवर, फेटल एरर (पान बंद पाडणारी चूक) नाही. मग शोध सुरू होतो थीममध्ये आणि कॅशमध्ये (पानांच्या साठवलेल्या प्रतींमध्ये). त्याहून फसवं म्हणजे 'इफ इज_सिंगल'च्या ('एकटा लेख उघडलाय का' या अटीच्या) आत लिहिलेला रिटर्न: लेख नीट दिसतात, पानं मात्र कोरी. म्हणून 'द_कंटेंट'चं (लेखाच्या मजकुराच्या फिल्टरचं) फंक्शन लिहिताना आलेला मजकूर परत देणारी शेवटची ओळ आधी लिहावी, बाकीचं तिच्या वर. रिटर्नऐवजी एको केलं, म्हणजे मजकूर परत न देता थेट छापला, तर आपली ओळ लेखाच्या डोक्यावर छापली जाते आणि खालचा लेख जातोच.

'द_टायटल' या शीर्षकाच्या फिल्टरमध्ये पोस्टचा आयडीही हवा असेल, तर ॲड_फिल्टरला (फंक्शन जोडणाऱ्या आज्ञेला) चौथ्या जागी २ द्यावे लागतात, नाहीतर आपल्या फंक्शनला एकच आर्ग्युमेंट (आत येणारी किंमत) मिळतं. पीएचपी ७.१ पासून ही चूक थेट फेटल एरर देते. हे बरं, निदान लगेच कळतं तरी.

प्रायोरिटीचा आकडा, म्हणजे कोणतं फंक्शन आधी चालणार ते ठरवणारा (लहान आधी), सुरुवातीला शोभेचा वाटला होता. ते मत पूर्ण बदललं. न दिल्यास तो १० असतो, आणि शॉर्टकोड (मजकुरात चौकटी कंसात लिहिलेल्या छोट्या खुणा) ११ वर उलगडतात. त्यामुळे १२ वर जोडलेल्या मजकुरातला शॉर्टकोड चौकटी कंसासकट वाचकाला दिसतो. थीमने २० वर जोडलेला फिल्टर काढायचा, तर रिमूव्ह_फिल्टरलाही २० च द्यावे लागतात. आकडा चुकला तर नुसतं फॉल्स मिळतं. शिवाय चाइल्ड थीमची फंक्शन्स फाइल मूळ थीमच्या आधी लोड होते. तिथे उघड्यावर लिहिलेला रिमूव्ह_फिल्टर, जे अजून जोडलंच नाही ते काढायला जातो. तो 'इनिट'वर (दोन्ही थीम लोड झाल्यावर येणाऱ्या हुकवर) टाकावा. आणि थीमवाल्याने बिननावाचं फंक्शन जोडलं असेल, तर सरळ मार्गाने ते निघतच नाही. दुसऱ्यांसाठी थीम लिहिणाऱ्यांनी कृपया फंक्शनला नाव द्या.