रेडिऑन आरएक्स 550 ग्राफिक्स कार्ड : लिनक्सवर वर्षभर वापरल्यानंतर

मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, शाळांच्या प्रश्नपत्रिका. सगळं काम लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमवर, इंकस्केप (चित्रांसाठी) आणि स्क्राइबस (पानांच्या मांडणीसाठी) या सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे या ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या भागावर, गेम किती एफपीएसने (सेकंदाला किती चित्रं) चालतात ते मी सांगणार नाही. सकाळी दहाला मशीन सुरू झालंच पाहिजे, अशी ज्यांची गरज आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधीचं ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं. वेगाला उत्तम, पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचा. कर्नल अपडेट झाला की डीकेएमएस नावाचं साधन तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधायला घेतं आणि ते अडलं की स्क्रीन काळी. ऐन लग्नसराईत नेमकं हेच झालं. मिंटचा लोगो आला, गेला, आणि डाव्या कोपऱ्यात नुसती पांढरी रेघ लुकलुकत राहिली. समोर लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले मुलाचे काका. "ताई, आज छापायला गेली नाही तर आम्ही वाटायची कधी?" माझे हात थरथरत होते.

रीस्टार्ट करून ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मेनूत) ई दाबलं, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (स्क्रीन साध्या पद्धतीने चालव, ही सूचना) लिहिलं, एफ10 दाबलं. डेस्कटॉप आला, पण 1024 बाय 768 वर, ताणलेल्या अक्षरांत. जीएलएक्सइन्फो या कमांडमध्ये रेंडररपुढे (चित्र कोण काढतंय, त्यापुढे) नाव दिसलं एलएलव्हीएमपाइप, म्हणजे चित्र काढायचा सगळा भार सीपीयूवर. बॉर्डरची वेलबुट्टी झूम केली की एकेक पान सावकाश उमटायचं. तशीच ती पत्रिका रात्री नऊला पूर्ण करून दिली. कार्ड जुनं झालं म्हणून कंपनीने त्याच्या ड्रायव्हरचं काम थांबवलं होतं. दर वेळी जुन्या कर्नलवर परत जायचं, हे किती दिवस करणार?

म्हणून हे आरएक्स 550 घेतलं. 4 जीबी, सेकंडहँड, साडेतीन हजार. 2017 चं मॉडेल आहे. वीज साधारण 50 वॅट खातं, माझ्या कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायरही लागली नाही. आधी जुना ड्रायव्हर काढून टाकला, मग कार्ड बसवलं. डेस्कटॉप थेट पूर्ण रिझोल्युशनवर आला. सवयीने ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तर तिथे बसवण्यासारखं काहीच नव्हतं! याचा ड्रायव्हर, एएमडीजीपीयू, 2015 च्या 4.2 आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. ओपनजीएलची, म्हणजे प्रोग्रामनी कार्डाकडून चित्र काढून घेण्याची, बाजू मेसा हे सॉफ्टवेअर सांभाळतं. ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही जोमात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. सिक्युअर बूटही (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद करावा लागला नाही. पूर्वी निळ्या पडद्यावर एमओकेचा (बाहेरच्या ड्रायव्हरला मान्यता देणाऱ्या किल्लीचा) पासवर्ड टाकावा लागायचा, ते आता नाही. वर्षभरात मिंट 21 वरून 22 वर गेले, कर्नल 5.15 चा 6.8 झाला, आणि एकदाही काळी स्क्रीन पाहिली नाही. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणार असाल तर मात्र घेऊ नका. त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनला या पिढीची कार्डं आता चालत नाहीत. एव्ही1 या नव्या फॉरमॅटमधला व्हिडिओही कार्ड उलगडत नाही, तो सीपीयूवरच जातो. माझ्या कामाला दोन्हींची गरज नाही.

सेकंडहँड घेताना मिंटचा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. विकणाऱ्याच्याच मशीनवर लाइव्ह बूट करा (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सुरू करा), टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो चालवा. ती कमांड नसेल तर मेसा-युटिल्स हे पॅकेज टाकून घ्या. रेंडररपुढे रेडिऑन दिसलं पाहिजे. मग अर्धा तास व्हिडिओ लावून पंख्याचा आवाज ऐका. मी तसं केलं तेव्हा पहिल्या कार्डाचा पंखा दहाव्या मिनिटाला घरघरायला लागला. ते परत दिलं आणि दुसरं घेतलं.