फर्नेसचं वायरिंग नव्याने करून घेतलं: एका हिवाळ्याचा अनुभव

थंडी सुरू व्हायच्या आधी आमच्या गॅस फर्नेसचं (गॅस जाळून सगळं घर गरम करणाऱ्या भट्टीचं) वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून नव्याने करून घेतलं. फर्नेस तीच, थर्मोस्टॅट तोच. बदललं ते असं: पॅनलपासून फर्नेसपर्यंत स्वतंत्र लाइन, तिला एकटीला १५ अँपिअरचा ब्रेकर, फर्नेसशेजारी तिची वीज तोडणारा सर्व्हिस स्विच, व्यवस्थित अर्थिंग आणि वीज गेल्यावर जनरेटर जोडता यावा म्हणून एका सर्किटचा ट्रान्सफर स्विच. आता थंडी सरली आहे, त्यामुळे कशाचा किती उपयोग झाला ते नीट सांगता येईल.

आधीची स्थिती थोडक्यात. फर्नेस आणि बेसमेंटमधले दिवे-सॉकेट एकाच ब्रेकरवर होते, आणि फर्नेसपर्यंतचा शेवटचा टप्पा चक्क एक्स्टेन्शन कॉर्ड कापून जोडलेला होता. घर घेतलं तेव्हापासून हे असंच होतं. व्हॅक्यूम क्लीनर लावला की कधीकधी ब्रेकर पडायचा आणि फर्नेसही बंद व्हायची. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, कलम ४२२.१२ मध्ये, अशा फर्नेसला स्वतंत्र सर्किट असावं असं स्पष्ट म्हटलं आहे. कायमच्या वायरिंगच्या जागी लवचीक कॉर्ड वापरायलाही तिथे मनाई आहे. कॉर्ड काढली तेव्हा त्यामागचं कारण डोळ्यांनी दिसलं. फर्नेसच्या पत्र्याच्या भोकातून ती क्लॅम्पशिवाय आत गेली होती, आणि ब्लोअरच्या थरथरीने पत्र्याच्या धारेवर घासून वरच्या आवरणात खोल खाच पडली होती. आणखी थोडी झीज झाली असती तर फेज थेट पत्र्याला लागला असता. आता तिथे क्लॅम्प आहे आणि केबल ओढली तरी हलत नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र अर्थिंगने पडला, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. मागच्या हिवाळ्यात फर्नेस पेटायची, ज्योत छान दिसायची आणि काही सेकंदांत गॅस बंद व्हायचा. दोन-तीनदा असं झालं की फर्नेसचा कंट्रोल बोर्ड लॉकआउटमध्ये जायचा, म्हणजे पुन्हा पेटवायचा प्रयत्नच थांबवायचा. ज्योत ओळखणारा फ्लेम सेन्सर घासून साफ करून झाला, नवा घालून झाला, तरी तक्रार अधूनमधून चालूच. हा सेन्सर म्हणजे ज्योतीत धरलेली धातूची काडी. बोर्ड तिच्यावर एसी व्होल्टेज देतो. ज्योतीतल्या आयनांमुळे प्रवाह काडीकडून बर्नरकडे जास्त आणि उलट दिशेने कमी वाहतो, म्हणून जेमतेम काही मायक्रोअँपिअरचा डीसी प्रवाह तयार होतो. तो दिसला तरच बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. आता हा प्रवाह परत जातो कुठून? बर्नरमधून पत्र्यात, आणि पत्र्यातून अर्थच्या वायरने. आमच्याकडे अर्थचा हिरवा स्क्रू पत्र्यावरच्या रंगावरच कसलेला होता, आणि खाली गंज धरला होता. इलेक्ट्रिशियनने तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, वायर नीट कसली आणि पॅनलपर्यंत अर्थ सलग आहे ना ते मीटरने पाहिलं. त्यानंतर आख्ख्या हिवाळ्यात एकदाही लॉकआउट नाही. शॉक लागू नये म्हणून अर्थिंग हवं हे सगळ्यांना ठाऊक असतं. फर्नेस पेटती राहण्यासाठीही ते लागतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फेज आणि न्यूट्रल उलटे असले तरी पुष्कळ बोर्ड दिवा लुकलुकवून तक्रार करतात किंवा ज्योत ओळखत नाहीत. शिवाय मग सर्व्हिस स्विच न्यूट्रल तोडतो आणि स्विच बंद असूनही आत फेज जिवंत राहतो. म्हणून काम संपल्यावर मीटरने तिन्ही मापं घेऊन बघावीत: फेज-न्यूट्रल १२० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ जवळजवळ शून्य. हे काम चालू विजेवर करायचं असल्याने इलेक्ट्रिशियनलाच करू द्या, आपण शेजारी उभं राहून आकडे बघायचे.

सर्व्हिस स्विचबद्दल एक तक्रार. तो दिसायला साध्या दिव्याच्या स्विचसारखाच. घरी आलेल्या कुणीतरी दिवा समजून तो बंद केला आणि घर गार पडू लागल्यावर शोधाशोध झाली. लाल पट्टी लावल्यापासून तसं झालेलं नाही. फिल्टर बदलताना मात्र हा स्विच हाताशी असल्याचं फार समाधान वाटतं. ब्लोअरचं दार काढलं की वीज तोडणारं एक बटण फर्नेसमध्ये असतंच, पण ते टेप लावून दाबून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

ट्रान्सफर स्विचची परीक्षा भर थंडीत, वीज गेली तेव्हा झाली. गॅस फर्नेसला वीज फक्त ब्लोअर, इंड्युसर (धूर बाहेर ओढणारा पंखा), इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) आणि बोर्डापुरती लागते, त्यामुळे आमच्या लहान इन्व्हर्टर जनरेटरने ती आरामात ओढली. फर्नेसला प्लग लावून थेट जनरेटरमध्ये खुपसण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. अशा जनरेटरमध्ये न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो, आणि मग ज्योत ओळखण्याची तीच जुनी कटकट सुरू होऊ शकते. आमच्या स्विचमध्ये फक्त फेज बदलतो. न्यूट्रल घराच्या पॅनललाच जोडलेला राहतो आणि तिथे तो अर्थशी बांधलेला असतो. त्यामुळे फर्नेसला फरक कळलाच नाही. दुसरं म्हणजे फेज एकतर लाइनवर असतो किंवा जनरेटरवर, दोन्हीकडे एकाच वेळी कधीच नाही. असा स्विच नसताना जनरेटरची वीज सॉकेटमधून उलटी घरात सोडली तर ती बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलट्या दिशेने चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो.

गैरसोय एकच. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धूर दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला, असा ठेवायचा म्हणजे लांब आणि जाड केबल हवी. आम्ही १२ गेजची घेतली. ती बेसमेंटमधल्या स्विचपर्यंत नेण्यासाठी खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या दृष्टीने मला ते अजिबात पसंत नाही. अलार्म आहेत, तरीही. पुढच्या थंडीआधी बाहेरच्या भिंतीवर झाकणाचा इनलेट बॉक्स (जनरेटरची केबल बाहेरूनच जोडायची पेटी) बसवून तिथून स्विचपर्यंत पक्की वायर टाकून घेणार आहे.